रेघेपर्यंत पाणी

“भूपाल, इकडं ये बघू लवकर. काळीचे काटे गळायलेत.”

मी दाढीला साबण लावून बसलो होतो. तसाच उठून पुढच्या खोलीत गेलो. आक्का टाकीच्या काचेला नाक लावून वाकून उभी होती. आत पांढऱ्या वाळूवर चार-पाच लांब काळे काटे पडले होते, झाडताना खराट्याच्या काड्या निसटून पडतात तसे. काळी दगडाच्या पायथ्याशी बसली होती. एरवी या वेळी ती माथ्यावर असायची.

“भूक लागली असंल तिला,” आक्का म्हणाली. “काल पालक किती घातलास?”

“चार पानं.”

“दोघांत चारच?”

“आक्का, ते सी अर्चिन आहेत, म्हशी नव्हेत.”

बोलायला बोललो, पण माझी नजर लगेच कॅलेंडरकडे गेली. त्रिशला परत यायला अजून सात आठवडे होते.

सी अर्चिन म्हणजे काय हे तेव्हा आमच्या जयसिंगपुरात चार माणसांनाही सांगता आलं नसतं. समुद्राच्या तळाशी राहणारा काट्यांचा चेंडू. त्याला डोकं नाही, डोळे नाहीत. तोंड खालच्या बाजूला, आणि त्यात पाच दात. दगडावरून सरकत राहायचं आणि शेवाळ खरवडून खायचं, एवढाच त्याचा संसार. माझ्या मुलीने, त्रिशलाने, एम.एस्सी. करताना असे दोन जीव पुण्याच्या एका दुकानातून आणले आणि समुद्रापासून दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरवर, आमच्या पुढच्या खोलीत, तीन फुटी टाकीत खारं पाणी करून ठेवले. लांब काट्यांची ती काळी. दुसरा आखूड काट्यांचा, जांभळट. तो वाळूतले शिंपले उचलून डोक्यावर घेऊन हिंडायचा, म्हणून त्याचं नाव टोपीवाला. सोबतीला केशरी पट्ट्यांचे दोन मासे.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, चंपाक्का. लग्नानंतर दीड वर्षात नवरा गेला आणि ती माहेरी परतली. पुढे माझी बायको गेली तेव्हा त्रिशला चार वर्षांची होती. तिला वाढवलं ते आक्कानेच. आम्ही जैन, पण आमच्या घरातला सगळा जैनपणा आक्काच्या एकटीच्या वाट्याला आला होता. सूर्य मावळायच्या आत जेवण, घरात कांदा-बटाटा नाही, पाणी तिहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय तोंडाला लावायचं नाही. फडक्यात अडकलेले न दिसणारे जीव मरू नयेत म्हणून ज्या हौदातलं पाणी असेल त्याच हौदात ती ते फडकंही अलगद खळबळून घ्यायची. अशा बाईने घरात टाकी येऊ दिली ती एक प्रश्न विचारून.

“हे खातात काय?”

“पाला, आक्का. शेवाळ,” त्रिशला म्हणाली होती.

“मग राहू देत. आपल्यातलेच आहेत.”

मासे जे दाणे खायचे त्यात काय असतं, ते आम्ही बापलेकींनी तिला कधी सांगितलं नाही. आमच्या दोघांचं एकमत असलेली तेवढीच एक गोष्ट होती.

कारण त्रिशला आणि मी एकमेकांशी बोलत नव्हतो म्हणावं असं नाही, पण बोलत होतो असंही नाही. ती दहावीत असताना तिच्याकडे काचेच्या भांड्यात सात गप्पी मासे होते. चाचणी परीक्षेत गणितात ती नापास झाली. मी कारखान्याच्या लॅबमधून आलो, गुणपत्रिका बघितली, ते भांडं उचललं आणि गावाबाहेरच्या गुरांच्या हौदात नेऊन रिकामं केलं. माझा राग असाच. दुसऱ्या दिवशी मलाच राहवेना म्हणून तिला सायकलवर घेऊन हौदापाशी गेलो, तर कुणीतरी हौद उपसून घासून ठेवलेला. ती काही बोलली नाही, रडलीही नाही. त्यानंतर मात्र तिने माझ्याकडे काही मागितलं नाही. पुस्तकं असोत नाहीतर सहलीची परवानगी, सगळं आक्कामार्फत. “आक्का, अण्णांना सांग,” एवढंच मला ऐकू यायचं.

आणि फेब्रुवारीत, अंदमानला चार महिन्यांच्या कामावर निघताना, तिने टाकीची जाड वही माझ्या हातात ठेवली आणि थेट मला विचारलं, “अण्णा, सांभाळाल?”

दहा वर्षांत तिने मला विचारलेली ती पहिली गोष्ट. मी फक्त मान हलवली. पण मनात पक्कं ठरवलं, ही येईल तेव्हा दोघंही जिवंत आणि खाऊन-पिऊन टुणटुणीत असतील. काय वाट्टेल ते झालं तरी.

साखर कारखान्याच्या लॅबमध्ये मी बत्तीस वर्षं काढली होती. आयुष्यभर उसाच्या रसाची गोडी मोजली, आता पाण्याचा खारेपणा मोजू लागलो. वहीत लिहिलेलं सगळं तंतोतंत. त्रिशलाने समुद्री शेवाळाचे पापडासारखे वाळलेले तक्ते ठेवले होते. ते माझ्या सढळ हाताने सहा आठवड्यांतच संपले. मग पालक. पान उकळत्या पाण्यातून काढायचं, गार करायचं आणि रबरबँडने दगडाला बांधून तळाशी सोडायचं, नाहीतर ते तरंगतं आणि हे खाली उपाशी. टोपीवाला पानावर चढून बसला की दुपारपर्यंत पानाची नुसती शीर उरायची. मला भारी समाधान वाटायचं. पोरगी लहान असताना मी तिला कधी असा समोर बसून घास भरवला नव्हता.

वहीत एक वाक्य दोनदा अधोरेखित केलेलं होतं : ‘पालक म्हणजे वेळ मारून नेणं. खरं अन्न दगडावरचं शेवाळ, ते संपू देऊ नका.’

टाकीतले दगड तर दोघांनी केव्हाच चाटूनपुसून पांढरे केले होते. मी गच्चीवर चार टब मांडले, त्यांत खारं पाणी केलं, दगड बुडवले आणि उन्हात ठेवले. बारा दिवसांत दगडांवर हिरवी लव आली. मग दर गुरुवारी एक हिरवा दगड खाली, एक बोडका दगड वर. शेजारचे मगदूम गच्चीवरून विचारायचे, “चौगुले, काय पेरलंय?” मी म्हणायचो, “दगड.” त्यांना वाटायचं, रिटायर झाल्यापासून माणूस बिघडला.

या शेतीपायी माझी सकाळ गच्चीवर जायला लागली. गुडघे आधीच कुरकुरत होते, वर-खाली किती करणार? म्हणून एक काम मी आक्काला दिलं.

“टाकीतलं पाणी रोज थोडं आटतं. काचेवर मी रेघ मारली आहे बघ. सकाळी त्या रेघेपर्यंत पाणी घालत जा.”

“खारं?”

“नाही, गोडं. पाणी उडून जातं, मीठ मागं राहतं. मीठ घालायचं नाही.”

“घालते की,” आक्का म्हणाली. तिला फार आनंद झाला. त्रिशलाच्या जिवांची सेवा आता तिच्याही वाट्याला आली होती.

जाताना त्रिशला टाकीच्या काचेवर लावण्यासाठी पाण्याविषयीची एक चिठ्ठीही लाल शाईत लिहून गेली होती. ती मी वहीतच ठेवली. सगळं मीच करणार, मग मला कशाला चिठ्ठी? आणि पुढच्या खोलीत चिठ्ठ्या चिकटवायला ते काय सरकारी दवाखाना आहे?

सगळं व्यवस्थित चाललेलं असताना एप्रिलच्या शेवटी काळीने काटे टाकले.

मला एकच सुचलं, खायला वाढवायचं. चाराची आठ पानं केली. काकडीची चकती बांधली. गुरुवारची वाट न बघता दुसरा हिरवा दगड खाली आणला. काळी कशालाच शिवली नाही. पान जसंच्या तसं राहून सडायचं, मी ते काढायचो, पाणी बदलायचो आणि नवीन पान बांधायचो. चार दिवसांनी टोपीवाल्याने डोक्यावरचे शिंपले एकेक करून खाली टाकले. तो असा उघड्या डोक्याने मी कधी बघितला नव्हता. मासे मात्र खुशाल पळत होते, दाणे मटकावत होते. मला त्यांचाही राग यायला लागला.

“दृष्ट लागली,” आक्का म्हणाली.

“कुणाची? मगदूमांची?”

“चेष्टा करू नको. माझ्याच्यानं बघवत नाही रे.”

मंगळवारी सकाळी काळी गेली. उरलेसुरले काटेही आडवे झाले होते. आम्ही तिला परसात पारिजातकाखाली पुरलं. आक्काने हात धुतले, देवापुढे बसली आणि त्या दिवशी जेवली नाही.

“आक्का, तुला शुगर आहे. डॉक्टरांनी उपवास बंद केलेत ना?”

“माझ्या घरात जीव गेला, भूपाल.”

“त्यात तुझा काय दोष?”

“दोष कुणाचा का असंना. घर माझं आहे की.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ती न्हाणीघराच्या दारात कोसळली. सलाईन लावावं लागलं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, “चौगुले, पुन्हा असा उपवास झाला तर मी काही करू शकणार नाही. समजावून सांगा.” आक्काला काही समजावून सांगता येतं असं त्यांना वाटत होतं, म्हणजे ते गावात नवीन होते.

तिला घरी आणून झोपवलं आणि तडक सांगली गाठली. तिथे मोमीन नावाचा एक जण शोभेच्या माशांचं दुकान चालवायचा. गोड्या पाण्याचे मासे विकायचा, पण खाऱ्याचा त्याला नाद होता. मी त्याला सगळं सांगितलं, शेवाळाच्या शेतीसकट.

“खायला तर तुम्ही राजासारखं घालताय काका,” तो म्हणाला. “मासे कसे आहेत?”

“ठणठणीत.”

“मासे ठणठणीत आणि काटेवाले मरतात?” त्याने हातातलं जाळं खाली ठेवलं. “तांबं गेलंय पाण्यात. माशांना एवढं सोसतं, ह्यांना थेंबभर पण सोसत न्हाई. माशांचं औषध-बिवषध घातलं काय?”

“काही नाही घातलं.”

“मग कुठनं तरी गेलंय. ही तपासायची बाटली घ्या, थेंब टाकून बघा. निळं आलं तर मी म्हणतो तेच. आणि आलं तर पहिल्यांदा त्याला त्या पाण्यातनं बाहेर काढा.”

घरी येऊन टेबलावर काचेच्या नळ्या मांडल्या. गच्चीवरच्या टबातलं पाणी घेतलं, थेंब टाकले, काही नाही. भर घालण्यासाठी आणून ठेवलेला शुद्ध पाण्याचा वीस लिटरचा जार होता, त्यातलं पाणी घेतलं. काही नाही. मग टाकीतलं घेतलं. नळी हळूहळू निळी झाली.

तो रंग मी डोळे मिटूनही ओळखला असता. रसातली साखर मोजायला आम्ही जे द्रावण वापरायचो त्यात तांबंच असतं. बत्तीस वर्षं तो निळा रंग रोज हाताळला आणि माझ्याच घरात मला तो दिसला नाही. मला माझीच लाज वाटली. टोपीवाल्याला त्याच संध्याकाळी टबात काढलं आणि टब पुढच्या खोलीला लागून असलेल्या बोळात सावलीला ठेवला. पण तांबं आलं कुठून? आणि जारकडे बघितलं तेव्हा लक्षात आलं, महिना झाला तरी त्यातलं पाणी फारसं उतरलेलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गच्चीवर गेलो नाही, बोळाच्या दारात थांबलो. आक्का अंघोळ करून आली. अजून तिची पावलं लटपटत होती. कमरेवर आमच्या आईची तांब्याची घागर होती, चिंचेने घासून लखलखीत केलेली. तिने टाकीच्या कडेवर तिहेरी फडकं धरलं आणि तोंडाने णमोकार मंत्र म्हणत बारीक धारेने पाणी ओतलं. रेघेला पाणी लागलं तसं थांबली. फडकं उजेडात धरून नीट बघितलं. मग टाकीतल्या माशांना म्हणाली, “प्या रे. बाजारातलं न्हाई, गाळलेलं आहे. रात्रभर तांब्यात ठेवलंय.”

माझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो. तो छातीतून निघाला, घशापर्यंत आला.

“आक्का!”

ती वळली. चार दिवसांत तिचा चेहरा एवढासा झाला होता. सलाईनची पट्टी अजून हाताला चिकटलेली होती.

“काय रे? चुकलं काय माझं?”

मी तिच्या हातातल्या फडक्याकडे बघत राहिलो. फडक्यातला न दिसणारा जीवही मरू नये म्हणून जन्मभर जपणाऱ्या बाईला मी सांगणार होतो, काळीला तू मारलंस. नुसता घरात जीव गेला म्हणून ती दीड दिवस उपाशी राहिली होती. स्वतःच्या हातून गेला हे कळलं तर ती पुन्हा ताटावर बसणार नाही, हे मला सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ दिसत होतं.

“काही नाही चुकलं,” मी म्हणालो. “आजपासून पाणी मी घालतो.”

“का?”

“वाकून वाकून कंबर धरंल तुझी.”

“माझी कंबर चांगली आहे.”

“त्रिशलानं माझ्यावर सोपवलंय. ती आल्यावर विचारंल.”

“बरं,” आक्का म्हणाली. घागर उचलून आत गेली आणि दुपारपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

हे मी आजवर घराबाहेर कुणाजवळ बोललो नाही. आक्काला जाऊन आता सहा वर्षं झाली, म्हणून सांगतो आहे.

ती आत गेल्यावर मी वही काढली. चिठ्ठी मागच्या पानात होती. एवढ्या दिवसांत मी ती एकदाही पूर्ण वाचली नव्हती. लाल शाईत, मोठ्या अक्षरात लिहिलं होतं : ‘भर घालायला फक्त जारचं पाणी. नळाचं नको. तांब्याच्या भांड्यातलं तर अजिबात नको, अर्चिनला तांबं म्हणजे विष. आक्का, तूपण वाच.’

शेवटचे तीन शब्द मी उभ्याउभ्या कितीतरी वेळा वाचले. पोरीला आपलं घर माहीत होतं.

रविवारी तिचा फोन यायचा. आक्का मधल्या खोलीत तांदूळ निवडत बसली होती. मी फोन घेऊन परसात गेलो.

“त्रिशला, काळी गेली.”

पलीकडे वाऱ्याचा आवाज येत होता. “कशानं?”

“तांब्यानं. घागरीतलं पाणी टाकीत गेलं.”

“कुणी घातलं?”

“मी.”

“तुम्ही?”

“मीच. माझ्या हातून झालं.”

“चिठ्ठी लावली होती?”

“नाही.”

मी तिच्या ओरडण्याची वाट बघत होतो. माझी मुलगी असून ती ओरडत नाही, हेच तिचं वाईट आहे.

“मी तुम्हाला विचारायलाच नको होतं, अण्णा,” ती म्हणाली. “चूक माझीच. आल्यावर टाकी पुण्याला हलवते. माझी तिथली मैत्रीण आहे वैदेही, तिला सांगते टेम्पो घेऊन यायला. तोपर्यंत टोपीवाला राहिला तर बघा.”

“राहील तो.”

“बघू.”

फोन ठेवला आणि मी पारिजातकाच्या पारावर बसून राहिलो. आक्काला वाचवण्यासाठी आपण केवढा त्याग केला, असं क्षणभर वाटून गेलं होतं. पण खिशात ती चिठ्ठी होती. मी पोरीला खोटं सांगितलंच कुठे होतं?

उठलो. टोपीवाला अजून जिवंत होता, आणि मी ‘राहील’ असा शब्द दिला होता.

पुढचे दिवस मी दुसरं काही केलं नाही. तांबं शोषून घ्यायला मोमीनने दिलेल्या कोळशाच्या पिशव्या टाकीत टांगल्या. दर तीन दिवसांनी टाकीतलं तिसरा हिस्सा पाणी काढायचं, नवं खारं पाणी करून घालायचं, नळीत थेंब टाकून निळेपणा बघायचा. बादल्या वाहून गुडघे सुजले तर त्यांना तेल लावलं आणि पुन्हा बादल्या उचलल्या. टोपीवाल्याच्या टबात गच्चीवरचा सगळ्यात हिरवा दगड ठेवला, हवेची नळी सोडली आणि शेजारी स्टूल टाकून बसलो. तो दगडाच्या कडेला चिकटून होता एवढंच. खात नव्हता.

अर्चिनने खाल्लं की दगडावर त्याच्या पाच दातांच्या चांदणीसारख्या खुणा उमटतात. मी रोज सकाळी भिंग घेऊन त्या दगडाची तपासणी करायचो. पाच दिवस झाले, आठ झाले, दहा झाले. मोमीनने फोनवर विचारलं, “काका, अजून बसलाय?” मी म्हणालो, “तो बसलाय तोवर मी बसलोय.”

आक्का भाकरी-भाजीचं ताट तिथेच आणून द्यायची. मी अट घातली होती, आधी तिने जेवायचं, मग मी. ती कुरकुरत जेवायची.

बाराव्या दिवशी सकाळी दगडाच्या हिरव्या अंगावर अंगठ्याएवढी पांढुरकी वाट दिसली. भिंग लावलं. चांदण्या, ओळीने.

“आक्का! खाल्लं! आक्का, खाल्लं त्यानं!”

ती हातातलं लाटणं घेऊनच धावत आली. बोळात डोकावली आणि माझ्यावरच डाफरली.

“मग ओरडतोस काय असा? दचकंल की तो!”

आठवड्याने नळीतला निळेपणा पार गेला आणि टोपीवाला टाकीत परतला. शिंपलेही पुन्हा डोक्यावर आले. रोज एक पान फस्त करू लागला.

जूनमध्ये त्रिशला आली. उन्हाने रापून काळी झाली होती. बॅग ठेवली आणि आधी टाकीपुढे बसली. कितीतरी वेळ नुसती बघत होती. मी मागे उभा होतो, पण तिने मागे वळून बघितलं नाही. उठली आणि आक्काच्या गळ्यात पडली.

दुपारी आम्ही तिघं जेवायला बसलो. आक्का तिला वाढत होती आणि चार महिन्यांच्या तक्रारी एका दमात सांगत होती.

“आणि तुझ्या अण्णानं माझ्याकडनं पाण्याचं काम काढून घेतलं बघ. काळी गेल्यावर. मी रोज आपल्या घागरीतलं, गाळून, मंत्र म्हणून घालत होते. तर म्हणे, कंबर धरंल.”

त्रिशलाचा घास हातात राहिला.

“घागरीतलं?”

“मग काय त्या जारचं? कुणी भरलं, कुणी गाळलं, कोण जाणे.”

त्रिशलाने माझ्याकडे बघितलं. मी आक्काच्या नकळत मान हलवली, नको म्हणून. तिची नजर आक्काच्या सुकलेल्या मनगटावर गेली, तिथून तिच्या ताटाकडे गेली, आणि परत माझ्याकडे आली. तिच्या डोळ्यांत पाणी भरलं होतं.

“बरोबर आहे तुझं, आक्का,” ती म्हणाली. “अण्णांना काय कळतंय?”

“तेच म्हणते मी!” आक्का खूश झाली आणि तिच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

जेवण झाल्यावर मी बोळात टब धूत होतो. त्रिशला येऊन उभी राहिली.

“खोटं का बोललात मला?”

“खोटं नाही. चिठ्ठी लावायचं काम माझं होतं. पाणी कुठलं घालायचं ते सांगायचं कामही माझंच होतं. मी नुसतं रेघेपर्यंत घाल म्हणालो.”

“मी किती वाईट बोलले तुम्हाला.”

“त्या हौदापासून बाकीच होतं ते,” मी म्हणालो. “तेव्हा बोलली असतीस तर बरं झालं असतं.”

माझ्या हातातून टब घेतला आणि उरलेला तिने धुतला.

संध्याकाळी जेवणाच्या आधी मी स्वयंपाकघरात टोपीवाल्यासाठी पालक निवडत होतो. त्रिशला परसात फोनवर बोलत होती. खिडकी उघडी होती.

“टेम्पो नको गं वैदेही... नाही, हलवत नाही. इथंच राहू दे. आणखी एक काळी आणून ठेवणार आहे मी जायच्या आधी... अगं, मी आता परत दोन वर्षं अंदमानला असले म्हणून काय झालं? अण्णा आहेत की.”

हातातलं पान खाली ठेवलं. मी भिंतीकडे तोंड केलं आणि बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून नळ पूर्ण सोडला.

“भूपाल!” मधल्या खोलीतून आक्का ओरडली. “नळ बंद कर की! पाण्यात जीव असतात, किती वेळा सांगायचं तुला?”

“करतो,” मी म्हणालो. पण आणखी थोडा वेळ तो मी तसाच चालू ठेवला.